भरून टाकलेला रकाना

शाळेत आम्हाला एक गोष्ट फार लवकर शिकवली होती. उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडायची नाही. येत नसलं तरी काहीतरी लिहा, अर्धा मार्क तरी पडेल. ती सवय माझ्या हाताला इतकी लागली की अजून सुटलेली नाही, आणि तिची किंमत माझ्याऐवजी आमच्या इस्त्रीवाल्या अक्काने मोजली. बाबा म्हणतात, तिचं घर सरकारने घेतलं, तू नाही. ते बरोबरच आहे. पण ते असं म्हणतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.

आम्ही गिंडीत राहतो. बाबा रेल्वेत होते, बदलीवर इथे आले आणि परत गेलेच नाहीत. माझा जन्म इथलाच. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ. तमिळ मला बोलता बरी येते, वाचताना मात्र शब्दांखाली बोट ठेवावं लागतं. आणि चार लोकांत बोलायचं असेल तर कुठलीच भाषा पुरत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझी पाळी येईपर्यंत मी वाक्य मनात तीनदा म्हणून बघते आणि शेवटी "नो अपडेट्स" म्हणून मोकळी होते.

म्हणूनच मला तो गट आवडला होता. आमच्या भागातले पाच-सहा जण शनिवारी दुपारी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरी जमायचे. त्यांना आम्ही सगळे सार, म्हणजे सर, म्हणायचो; मला ते लाडाने मा म्हणत. साध्या एका पानावर आपल्या आमदाराचा हिशेब मांडायचा, ही त्यांची कल्पना. कोणते प्रश्न विचारले, कशावर बोलला, कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं. पान तमिळमध्ये छापून चहाच्या टपऱ्यांवर, रेशन दुकानावर चिकटवायचं. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. मला काम मिळालं ते विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत वाचून तक्ता भरायचं. कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मी खूश होते.

तिसरा रकाना मतांचा होता. पहिल्या महिन्यातच कळलं की तो भरण्यासारखा नाही. वृत्तांतात मतदान म्हणून जे असतं ते असं: अध्यक्ष विचारतात, बाजूने असणाऱ्यांनी हो म्हणावं. सभागृह हो म्हणतं. विरोधातल्यांनी नाही म्हणावं. मग अध्यक्ष जाहीर करतात, हो म्हणणारे जास्त, विधेयक मंजूर. हो कोण म्हणालं, गप्प कोण बसलं, हजर तरी कोण होतं, याची ओळ कुठेच नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच डोकी मोजतात, आणि मी वाचलेल्या पानांत ती कुणी मागितलेली नव्हती. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तर एकामागून एक विधेयकं अशी जातात की वाचताना माझं बोटसुद्धा मागे पडायचं.

सुरुवातीला मी प्रत्येक ओळीत "नोंद नाही" लिहायचे. खाली खाली तेच. पान बघितलं की वाटायचं, हे आमदाराचं नाही, माझंच प्रगतिपुस्तक आहे. कामचुकार मुलीचं.

आणि मग कालव्याचं विधेयक आलं. कालव्याकाठची घरं सुनावणी न घेता हलवता येतील, असा त्याचा अर्थ होता. शेवटच्या दिवशी, दुपारी, दीड पानात मंजूर. आमचा आमदार सत्ताधारी पक्षाचा, विधेयक सरकारचं, पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. म्हणजे त्याने हो म्हटलंच असणार. मी "नोंद नाही" खोडलं आणि "बाजूने" लिहिलं. सारांचं त्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांनी फोनवर विचारलं, "नीट तपासलंस ना, मा?"

"हो सार," मी म्हणाले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी, तिला लागून अक्काची इस्त्रीची गाडी. कोळशाची जड पितळी इस्त्री, वर जुन्या फ्लेक्सचं छप्पर. तिचं घर मागे कालव्याच्या कडेला. बाबांचे शर्ट मी लहान असल्यापासून तीच करत आलेली. पान टपरीच्या भिंतीवर लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे आणायला गेले, तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"पाप्पा, हे तू लिहितेस म्हणे?" मी कितीही मोठी झाले तरी तिच्यासाठी पाप्पाच, म्हणजे छोटी.

टपरीवाला चहा ओतता ओतता म्हणाला, "मीच सांगितलं. तोंडातून शब्द निघत नाही, पण कागदावर बघ कशी बोलते!"

"गप रे." अक्काने मला जवळ ओढलं. "हा माणूस खरंच हो म्हणाला? आमची घरं हलवायला?"

सुनावणी न घेता घरांवर नोटिसा लागून गेल्या होत्या. शहराबाहेर, तासा-दीड तासावर, उंच इमारतींमध्ये खोल्या मिळणार होत्या. काही मोजक्या घरांना जवळच्या वसाहतीत जागा मिळू शकत होती, आणि त्या यादीत नाव घालायला आमदाराचं पत्र लागायचं. अक्काला त्याने पत्र देतो म्हणून सांगितलं होतं. तिची सगळी गिऱ्हाईकं आमच्या चार गल्ल्यांत. तासाभराच्या अंतरावरून इस्त्रीची गाडी ढकलत कोण येणार?

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मान हलवली. कुणीतरी माझ्याकडून काहीतरी नक्की ऐकायला उभं आहे, असं माझ्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं.

"हो अक्का. खरं आहे."

दोन दिवसांनी मी ऑफिसातून येत होते तर अक्का गाडीवर चढून फ्लेक्स सोडवत होती. दोऱ्या दातांनी तोडत होती. मी खाली उभी राहिले.

"ये, ये, वाचायला येतं ना तुला?" तिने फ्लेक्स रस्त्यावर पसरला. "वाच."

तिच्या नातीच्या काथुकुत्तुचा, म्हणजे कान टोचण्याच्या समारंभाचा फ्लेक्स होता. हा समारंभ इथे लग्नासारखा होतो, मामाच्या मांडीवर बसवून, मांडव घालून, बिर्याणीसकट. मध्ये नातीचा फोटो, भोवती साऱ्या नातेवाइकांचे, आणि सगळ्यांत वर हात जोडलेला आमदार. दर आठवड्याला मी या छपराखाली उभी राहत होते. उन्हाने रंग उडाला होता, पण तारीख स्पष्ट होती. अधिवेशनाचा शेवटचा दिवस.

"पत्र आणायला गेले होते मी," अक्का म्हणाली. "तिथे वीस माणसं बसलेली. मी तुझा कागद त्याच्यासमोर धरला. म्हटलं, आमच्या चुलीवरचं खाऊन आमच्याच घराला हो म्हणालास? त्याने कागद वाचला. पीएला दिला. पीए हसायला लागला. म्हणाला, अक्का, त्या दुपारी साहेब कुठे होते ते तुलाच माहीत! तुझ्या नातीच्या काथुकुत्तुला दोनदा बिर्याणी वाढलीस की त्यांना! सगळे हसले, पाप्पा. मागे बसलेला एक जण म्हणाला, म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही, कुणीतरी कागद हातात दिला आणि पाठवली."

"आणि पत्र?"

"बघू म्हणाला."

मी खाली बसले. फ्लेक्सवरची तारीख पुन्हा वाचली, बोट ठेवून. मग मला जे सुचलं ते मी बोलून टाकलं, कारण ते खरं होतं. "अक्का, पण त्या दिवशी त्याने तिथे असायला हवं होतं. नाही म्हणायला."

तिने फ्लेक्सची एक कड उचलली.

"मला काय अक्कल नाही? नाही म्हणाला असता तर खुर्ची गेली असती. हो म्हणाला असता तर आमची मतं. म्हणून आला आमच्याकडे जेवायला. एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं. तू खरं आहे म्हणालीस, म्हणून वाटलं, जेवून उठल्यावर जाऊन हो म्हणून आला." तिने फ्लेक्स गुंडाळायला घेतला. "तेवढी शरम होती त्याला. त्या शरमेवर मी पत्र काढणार होते. ती तू घालवलीस."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून आमदाराच्या कार्यालयात गेले. बाबा म्हणाले, "मी येऊ का?" मी नको म्हणाले आणि जिना उतरेपर्यंत पस्तावले. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. मी वाक्य मनात म्हणत बसले: चूक माझी आहे, त्या बाईची नाही, तिला पत्र द्या. माझी पाळी आली तेव्हा त्यातलं पहिलंच वाक्य निघालं. पीए अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, लिहून द्या." मी तिथेच तमिळमध्ये लिहिलं, दोनदा खोडून. त्याने पोच म्हणून शिक्का मारला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पुढे काही झालं नाही.

सारांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. डोळ्यावरचा हिरवा चष्मा काढून ते म्हणाले, "तो गैरहजर होता, हे आपण छापू शकलो असतो, मा. समारंभातल्या फोटोसकट. आता छापलं तर कोण मानेल?" आम्ही दुरुस्तीचं पान काढलं. टपरीवर मी स्वतः चिकटवलं. टपरीवाल्याने या वेळी थट्टा केली नाही.

यादी लागली. अक्काचं नाव त्यात नव्हतं. पत्र मिळालं असतं तर असतं का, मला माहीत नाही. सामान न्यायला टेंपो आले त्या सकाळी मी कालव्यावर गेले होते, पण पुलाच्या या बाजूलाच थांबले. तिने मला पाहिलं असावं. इस्त्रीची गाडी टेंपोत मावली नाही. ती दोन दिवस तशीच रस्त्याकडेला होती, मग कुणीतरी चाकं नेली.

बाबा आता शर्टांना घरीच इस्त्री करतात. कॉलर त्यांना जमत नाही.

तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, अक्काचा फोन आला. मी नंबर बघून आधी उचलला नाही. परत वाजला तेव्हा उचलला. मागे लिफ्टच्या नावाने कुणीतरी ओरडत होतं.

"पाप्पा, इथे पाणी सातव्या मजल्यावर चढत नाही. इथला आमदार कोण गं? इथे तो आपला नाही ना, दुसरा मतदारसंघ. कुणालाच नीट माहीत नाही."

मी शोधून नाव सांगितलं. तिने कुणाकडून तरी ते दोनदा म्हणवून घेतलं.

"कसा आहे? आमच्या त्या कायद्याला हा काय म्हणाला होता? बघ ना तुझ्या कागदात."

मी लॅपटॉप उघडला. खरं तर उघडायची गरज नव्हती.

"नोंद नाही, अक्का."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. कुणालाच कळायचा मार्ग नाही."

 ती राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "मग तेव्हाही असंच लिहायचं होतंस की."

"हो," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "बाबांचे शर्ट कोण करतं हल्ली?"