उशाकडची पट्टी

माझी माय मंगलाबाई. डिंडोलीतल्या आमच्या खोलीत बसून तिने तीस वर्षं साड्यांचे लोंबते धागे कापले. घरातली प्रत्येक गोधडी तिच्या हातची. गोधडीच्या उशाकडच्या कडेला ती जुन्या लुंगीची पट्टी टाचायची, म्हणजे केसांचं तेल पट्टीला लागायचं आणि तेवढी पट्टी उसवून धुता यायची.

श्रावणात नाना, माझे वडील, गेले. रिवाजाप्रमाणे त्यांच्या अंगावरची गोधडीही टाकून दिली. दोघं तीच पांघरायचे. म्हणून थंडी पडल्यावर मी मायसाठी मोठी, बिनखोळीची रजई आणली. खोळ चढवायची कटकट नाही, तशीच मशीनमध्ये टाकायची. तिने पांघरून पाहिली.

"हलकी आहे गं," म्हणाली. "अंगावर काही आहे असं वाटतच नाही."

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर माय नव्याकोऱ्या रजईला निळ्या लुंगीची पट्टी टाचत बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"अगं, हिला काही लावायचं नसतं! आणि लावलीस तीही अर्ध्याच कडेला, भिंतीकडे. तू तर दाराकडे झोपतेस!"

तिने मानही वर केली नाही.

"मी कुठे तेल लावते? तेल तर तुझे नाना लावतात."

पुढचा टाका घालायला तिने सुई उचलली, आणि तिचा हात तिथेच थांबला.