आम्ही तिघं धनको

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आम्ही तिघं बसलो की एकाच्या तोंडून एक निघतो, मग दुसरा म्हणतो, "अहो, त्याच्या आधी काय झालं ते सांगा ना," आणि चहा गार होतो. तिघं म्हणजे स्क्रू बनवणारे तानाबे-सान, जेवणाच्या डब्यांचं दुकान चालवणाऱ्या इवासाकी-सान आणि मी. पुण्यात जपानी शिकले आणि नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपायी टोकियोतल्या हिगाशी-कसाईत येऊन भाषांतरं करू लागले. आमची ओळख झाली ती टोकियोतल्याच कोतो भागातल्या एका पॅकिंग मशीनच्या कंपनीमुळे. तिने आम्हा तिघांचे पैसे अडकवले. त्याबद्दल मी आजही तिची आभारी आहे.

*

एक जाडजूड लिफाफा आला. आत वकिलाचं पत्र आणि कोर्टाच्या हुकमाची प्रत. माझ्या नवऱ्याला, मंदारला, जपानी फारसं येत नव्हतं, पण 'कोर्ट' एवढं वाचता यायचं. व्हिसाचं काहीतरी बिनसलं असं समजून तो थेट बॉसला फोन लावायला निघाला.

मी वाचलं. कंपनी अडचणीत आहे, पुन्हा उभं राहण्यासाठी तिने कोर्टाकडे अर्ज केलाय, आणि मी तिची धनको आहे. माझं तीन महिन्यांचं बिल तिच्याकडे थकलं होतं. माझी या देशातली पहिली कमाई.

आईला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बुडाली कंपनी, आणि सावकार तू?"

*

मग कंपनीने सगळ्या धनकोंना एका हॉलमध्ये बोलावलं. पुढच्या रांगेत बँकेची माणसं, मागे आम्ही किरकोळ. मालक माफी मागायला कमरेत वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. वकिलांनी नियम समजावला. अर्जाच्या दिवसाआधीचं सगळं देणं गोठलं, ते कोणालाही द्यायला कोर्टाची बंदी आहे, पण इथून पुढच्या मालाचे पैसे रोख मिळतील.

माझ्या शेजारच्या बाईंनी हात वर केला. त्याच इवासाकी-सान.

"म्हणजे गेल्या आठवड्यात तुम्ही खाल्लेला भात जुना, आणि उद्या खाल तो नवा?"

वकील म्हणाले, "कायद्याने तसंच आहे."

"माझं तांदळाचं पोतं एकच आहे हो."

बँकवालेही हसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी कारखान्यात चाळीस डबे पाठवले. नेहमीसारखेच.

*

तानाबे-सानांचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकावा. त्यांना एवढा राग आला होता की ते टेम्पो घेऊन कारखान्यात गेले. आपल्या पैशांच्या बदल्यात गोदामातल्या मशीनच्या मोटर उचलून आणायच्या, बस. दारात ओगावा-सान उभे. हे कंपनीचं प्रशासन बघायचे. साठीला आलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांनी कोर्टाचा कागद दाखवला. एकाने उचललं तर बाकीच्यांचं काय, एवढंच म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

तानाबे-सान पायरीवर बसून चहा प्यायले. मग उठले आणि टेम्पोतून स्क्रूची खोकी उतरवू लागले. पुढच्या ऑर्डरची.

मी विचारलं, "उचलायला गेला होतात ना? मग टेम्पोत माल कसा?"

म्हणाले, "तो नीट बोलला तर काय करायचं, याचीही तयारी नको का?"

*

माझं येणं किती, हे फॉर्म भरून मुदतीत कोर्टाला कळवायचं होतं. मी टाळत होते. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाचे कागद कोण भरणार! मुदत संपायच्या तीन दिवस आधी ओगावा-सानांचा फोन आला. माझा फॉर्म आलेला दिसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, तेवढाच तुमच्यावरचा भार कमी.

ते म्हणाले, "सावंत-सान, तुम्ही काम केलंय. कृपा करून मागा."

मी फॉर्म भरून पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी एक बिल विसरले होते. ज्याने पैसे द्यायचे, तोच मला सांगत होता की तुम्ही कमी मागितलेत. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. मंदारला वाटलं, पैसे बुडाले.

*

मग मतदान. योजना अशी होती की शंभराला वीस मिळणार, तेही पाच वर्षांत. बाकीचं सोडायचं. मंजुरीला निम्म्याहून अधिक डोकी हवीत आणि निदान निम्म्या रकमेची बाजूही हवी. म्हणजे डोकी मोजताना बँकेचं एक आणि माझंही एकच. आयुष्यात एवढं वजन मला कोणी दिलं नव्हतं.

तानाबे-सान मतपत्रिका हातात धरून नुसते बसले होते. या अडकलेल्या पैशांपायी त्यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. इवासाकी-सानांनी त्यांना पेन दिलं. तानाबे-सानांनी होकार लिहिला. योजना पास झाली. बाहेर आल्यावर आम्ही तिघांनी उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या आणि बिल तानाबे-सानांनी भरलं. कोणाचं ऐकलं नाही.

*

पाच वर्षं हप्ते वेळेवर आले. कंपनी जगली. त्यानंतर भारतातल्या एका गिऱ्हाईकाला मोठी ऑर्डर देण्याआधी कंपनीचे जुने कागद बघायचे होते. भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. ओगावा-सान समोर बसून एकेक पान देत होते.

एका पानावर सगळ्या धनकोंची यादी होती, रकमेप्रमाणे लावलेली. वर बँका. त्यांच्या खाली, तानाबे-सानांच्याही वर, एका माणसाचं नाव होतं. ओगावा. कंपनीला स्वतःच्या खिशातून दिलेलं कर्ज, आणि पुढे तेच शंभराला वीस.

मी मान वर केली.

त्यांनी चष्मा सारखा केला. "वाचता येतंय ना नीट?"

"हो."

"मग पुढचं पान घ्या," म्हणाले.