पुलावरची उडी

“सलीमभाई, बटन अजून उशिराच लागतंय,” असं म्हणत दत्ताने व्हिडिओ गेम आणि त्याचा रिमोट माझ्या टेबलावर ठेवला. आठवड्यात दुसऱ्यांदा. इंदापुरात टीव्ही दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. तेच काम परत आलं की माझं डोकं तापतं.

रिमोट पुन्हा उघडला. प्रत्येक बटनाखाली रबराची वाटी असते, तिच्या तळाला काळा कार्बन. बटन दाबलं की कार्बन खालच्या पट्ट्यांना टेकतो आणि सर्किट पूर्ण होतं. मीटर लावून बघितलं. दाबलं की लगेच बीप. दोष नाही.

मग दुकानातल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला गेम जोडला. कॅसेट बघून मी हरखलोच. एका इंग्रजी सिनेमावरचा गेम. सिनेमा इंदापुरात कधी लागला नाही, पण गेम आम्हा पोरांना तोंडपाठ होता. तीन लाइफ, मध्ये कुठे सेव्ह नाही, लाइट गेली की पहिल्यापासून. तिसऱ्या स्टेजला लाकडी पूल. फळ्या पायाखालून निसटतात आणि शेवटच्या फळीला पाय लागताक्षणी उडी मारायची. जरा उशीर झाला की दरीत. मी तो पूल पहिल्यांदा ओलांडला तो दिवस मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त आठवतो.

त्या दिवशीही ओलांडला. त्या तोऱ्यात म्हणालो, “मशीन ओके हाय दत्ता. आता तुझा हातच उघडून बघाय लागंल!”

मी हसलो. दत्ता हसला नाही. गेम आणि रिमोट पिशवीत टाकून निघून गेला.

संध्याकाळी पळसदेवहून त्याच्या बायकोचा, सुनीताचा फोन आला.

“भाई, तुमी ह्यांना काय म्हणाला? हात कामातनं गेला म्हणून बसल्यात.”

तेव्हा सगळं कळलं. दत्ता ऊसतोडणीचा हार्वेस्टर चालवतो. गाडीवरून पडून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लेट बसवली, प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी काम करायला परवानगीही दिली. बोटं हलती राहावीत म्हणून त्याने माळ्यावरचा लहानपणीचा गेम काढला आणि प्रत्येक वेळी त्याच पुलावर पडायला लागला.

“उद्या मशीनमालकाला न्हाय म्हणून कळवणार हायत,” सुनीता म्हणाली. “म्हणत्यात, उसात कुणी आडवं आलं आन् माझा हात उशिरा चालला, तर?”

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मला स्वतःची फार लाज वाटली. रात्रभर नीट झोप लागली नाही.

सकाळीच पळसदेवला गेलो. “मालकाला फोन केलास?” असं आधी विचारलं. केला नव्हता. भिंतीवर मोठा LED टीव्ही होता, गेम त्यालाच जोडलेला. मी रिमोट हातात घेतला. पुलावर गेलो, पडलो. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदाही.

“दत्ता, माझं मनगट कधी मोडलंय का?”

“न्हाय.”

“मग मी का पडतोय?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुना ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तसा लगेच दाखवतो. नवा टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, स्वच्छ करतो, मग दाखवतो. पापणी लवेल एवढा उशीर. सिरियल बघताना तो कुणाला कळत नाही. पुलावर मात्र फळी दिसते तोवर ती गेलेली असते. सेटिंगमध्ये हा उशीर कमी करणारा गेम मोड शोधला, पण गेमच्या जुन्या वायरच्या पिनांवर तो चालेना. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

दत्ताला पटेना. “तुमी माझं मन राखाय बोलताय.”

“गेम पिशवीत घे आन् बस गाडीवर.”

दुकानात ट्यूबचा टीव्ही लावला. पहिल्या लाइफला तो पडला. तळहात घामेजला होता, तो त्याने पँटला पुसला. दुसऱ्या लाइफलाही पडला. या वेळी मी जीभ आवरली. बोलून काय होतं ते कालच बघितलं होतं.

तिसऱ्या लाइफला शेवटची फळी आली आणि त्याने उडी मारली. पार.

दत्ता पडद्याकडे बघतच राहिला. मग गेम बंद करून पहिल्यापासून सुरू केला आणि पूल पुन्हा ओलांडला. मग आणखी एकदा. त्यानंतर रिमोट खाली ठेवून उजव्या हाताने फोन काढला.

“मालक, दत्ता बोलतोय. सोमवारपासनं मशीनवर येतो.”

फोन ठेवल्यावर तो रडला. मी चहा सांगितला.

त्या हंगामात त्याने पूर्ण वेळ हार्वेस्टर चालवला. गेम तपासून हात पास-नापास ठरत नाही, ते काम डॉक्टरांचं आणि त्यांनी ते आधीच केलं होतं. माझ्या धंद्यापुरतं मी एवढं शिकलो: दोष शोधताना वायर बघावी, बटन बघावं, टीव्ही बघावा. माणसाचा नंबर सगळ्यात शेवटी लावावा.