खाजकुइलीची पूड आणि भूपाल अण्णांच्या गोळ्या

भूपाल अण्णा बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या पायऱ्यांवर पडले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं, ते माझ्या चुकीमुळे. आठ दिवसांनी त्यांच्या पत्नी सुशीलाक्का माझ्या मेडिकलमध्ये आल्या. गोळ्यांची अर्धी वापरलेली पट्टी त्यांनी काउंटरवर टाकली.

"ह्या परत घ्या. ह्यानंच पडले ते. आता एक गोळी देणार न्हाय मी."

फोडलेली पट्टी आम्ही परत घेत नाही. मी घेतली. ते गोळ्यांनी पडले नव्हते, निदान नुसत्या गोळ्यांनी नव्हते, हे मला तेव्हा कळत होतं. मी ड्रॉवर बंद केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.

निपाणीत माझं मेडिकल पंचवीस वर्षांपासून आहे. आमच्याकडे मेडिकलवाल्याला 'डॉक्टर' म्हणायची पद्धत आहे. सुरुवातीला मी "डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट" असं सांगायचो. पुढे सांगायचं सोडलं. ऐकायला बरं वाटायचं.

अण्णांचं कापडाचं दुकान माझ्या समोरच आहे. शर्टपीस कापताना ते कात्री उघडझाप करत नसत, नुसती पुढे सरकवत. एका दमात टोकापर्यंत. गेल्या वर्षी ती कात्री मध्येच अडायला लागली. उजवा हात मंदावला, सही बारीक झाली, चालताना तो हात हलेनासा झाला. बेळगावच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी तपासून पार्किन्सन सांगितला. अगदी सुरुवातीचा आहे म्हणाल्या. सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन गोळ्या, रोजचा व्यायाम, आणि दोन महिन्यांनी पुन्हा या.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं. हालचाली सुरळीत व्हायला ते लागतं. लिव्होडोपाची गोळी घेतली की मेंदूत त्याचं डोपामिन होतं आणि कमतरता भरून निघते. रोग त्याने जात नाही, माणूस चालता राहतो.

चिठ्ठी घेऊन अण्णा माझ्याकडे आले, पण औषध घ्यायची घाई दिसेना.

"काय रं डॉक्टर, ही गोळी पाच वर्षांनी लागू व्हायची थांबते म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"सगळीच म्हणत्यात. मग आत्ताच कशाला चालू करू? कापडाचं थान आजच फाडून ठेवलं तर लग्नसराईत काय इकू मी?"

"अण्णा, मॅडमनी दिलीय तर घ्या."

"तू तुझं सांग. झाडपाल्यातलं काय न्हाय व्हय?"

तिथे मी "मॅडमना विचारा" म्हणायला हवं होतं. पण समोरचा माणूस माझं मत विचारत होता, आणि कॉलेजात शिकलेली एक गोष्ट मला आठवत होती. मी मागच्या फळीवरून खाजकुइलीच्या बियांच्या चूर्णाचं पाकीट काढलं.

"गोळीत जे औषध आहे ना, तेच ह्या बियांत निसर्गतः असतं."

"तेच?"

"तेच. गोळ्या सोडू नका, पण ही जोडीला घ्या. हळूहळू गोळी कमी लागेल."

शेवटच्या वाक्याला कसलाही आधार नव्हता. ते मी अण्णांचा चेहरा खुलावा म्हणून बोललो, आणि तो खुलला. पाकिटावर लिहिलं होतं तसं सांगितलं: रात्री झोपताना, कोमट दुधातून.

दुसरी चूक इथे झाली. अण्णा जैन. सूर्य मावळल्यावर ते अन्न सोडा, पाणीही घेत नाहीत. इतकी वर्षं समोर राहून मला हे माहीत आहे. रात्रीच्या गोळीचं त्यांनी विचारलं तेव्हा "मावळायच्या आत घ्या" असं मीच सांगितलं होतं. वेळ बदलायची तर मॅडमना फोन करावा, हेही सुचलं नाही. पुडीचा तर विचारच केला नाही. अण्णांनी सरळ हिशेब केला. दिवस थंडीचे, सहाला अंधार. साडेपाचला जेवण, जेवणावर गोळी, गोळीवर स्वतःच दुधात कालवलेली पूड, सुशीलाक्कांना न सांगता. मग लगेच आरतीला बस्तीत.

तीन आठवड्यांनी ते म्हणाले, "डॉक्टर, उठलो की डोळ्यांम्होरं अंधारी येतीया."

"पाणी कमी पडत असेल. दिवसा जास्त प्या."

माझ्या काउंटरवर बीपीचं मशीन आहे. त्यांना बसवून आणि उभं करून दोनदा बीपी बघायला पाच मिनिटं लागली असती. चार दिवसांनी ते आरती संपवून उठले, दुसऱ्या पायरीवर तोल गेला, आणि त्यांनी डावा हात टेकला.

आता उजवा हात मंद आणि डावा प्लास्टरमध्ये. पूड अण्णांनी आपणच सोडली होती, वर सुशीलाक्कांनी गोळ्या एकदम बंद केल्या. ही औषधं अशी एका दिवसात तोडायची नसतात. पंधरवड्यात अण्णा ताठरले. खुर्चीतून उठायला तीन-चार झटके द्यावे लागत. शर्टाची बटणं सुशीलाक्का लावत. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते नुसतं बोट दाखवत, "ते थान घ्या, ते." मी माझ्या काउंटरवरून हे बघत होतो. रोज ठरवायचो की आज जाऊन सांगू.

मॅडमची तारीख आली तेव्हा सुशीलाक्काच म्हणाल्या, "तू चल रं संगट. औषधातलं तुला कळतंय." मी गेलो.

अण्णा आणि मॅडम कन्नडमध्ये बोलत होते. निपाणीत ती आम्हा सगळ्यांनाच येते. मॅडमनी प्लास्टर पाहिलं, गोळ्या बंद असल्याचं ऐकलं, चालवून पाहिलं, आणि विचारलं, "गोळ्या सोडून दुसरं काही घेत होता का? चूर्ण, काढा, काहीही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघून म्हणाले, "न्हाय."

"मग गोळ्या का बंद केल्या?"

सुशीलाक्का मध्येच मराठीत बोलल्या, "मी बंद केल्या, बाई. मीच हातानं द्यायची. माझ्याच हातनं एखादी जास्त गेली असंल, म्हणून पडले. त्या दिवसापास्नं झोप न्हाय मला."

म्हणजे ही बाई महिनाभर स्वतःला दोष देत होती. मी म्हणालो, "मॅडम, ते खाजकुइलीचं चूर्ण घेत होते. संध्याकाळी, गोळीच्या पाठोपाठ. मी दिलं होतं."

"तुम्ही कोण?"

"त्यांचा मेडिकलवाला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. सुशीलाक्कांसाठी साध्या मराठीत सावकाश सांगू लागल्या.

"गोळीत दोन औषधं असतात. एक मेंदूला लागणारं. दुसरं त्याचा राखणदार, पहिलं वाटेतच मोडू नये म्हणून. चूर्णात राखणदार नसतो. पण दोन्ही बरोबर घेतलं की गोळीतला राखणदार चूर्णातलं औषधही सांभाळतो. मग पोटात नेमका किती डोस गेला, ते मला कळत नाही, तुम्हालाही नाही. त्यात प्रत्येक पाकिटाचा जोर वेगळा. डोस जास्त झाला की उभं राहताना बीपी उतरू शकतं."

"मग नैसर्गिक म्हंजे वाईटच का, मॅडम?" अण्णांनी विचारलं.

"मी वाईट म्हणत नाही. ते औषध आहे, म्हणून मला माहीत पाहिजे. तुमचा व्यायाम, रोजचं चालणं, हेही नैसर्गिकच आहे आणि त्याचा चांगला उपयोग होतो. ते गोळीबरोबर करा, गोळीच्या जागी नको. इतक्या सुरुवातीला काही जणांना आम्ही गोळीशिवायही थांबवतो. पण तुमचा हात तुमच्या कामात अडत होता, म्हणून दिली."

"आणि पाच वर्षांनी?"

"पुढे डोस वाढतो, कारण आजार वाढतो. गोळी शिळी होत नाही. आज न खाऊन ती साठवता येत नाही."

अण्णांनी जुनी चिठ्ठी मॅडमपुढे सरकवली. मग म्हणाले, "द्या लिहून."

मॅडमनी त्यांच्या जेवणाच्या वेळा विचारल्या, आणि त्यात बसतील अशा गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. शेवटची मावळतीच्या बरीच आधी, आणि जेवणापूर्वी अर्धा तास, कारण दूध-डाळीसोबत ती नीट लागू पडत नाही. रात्री झोपेत कूस बदलायला त्रास झाला तर कळवा म्हणाल्या. चूर्ण पुन्हा नको. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "हे सांगितलंत ते बरं केलंत. महिन्यापूर्वी सांगायचं."

परतताना गाडीने संकेश्वर मागे टाकलं. मग सुशीलाक्का अण्णांना म्हणाल्या, "तुमाला म्हाईत हुतं, आणि न्हाय म्हणालासा?"

"पूड मीच मागितली हुती. त्याला कशाला मधी घालू?"

"व्हय, लई थोर. हात मोडून घ्या, पर दोस्ताचं नाव घेऊ नका."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. दवाखान्यात मी माहिती दिली होती. माफी मागितली नव्हती. दोन्ही एकच, असं मी स्वतःला समजावत होतो.

गोळ्या पुन्हा कमी डोसने सुरू झाल्या आणि हळूहळू वाढल्या. दीड महिन्याने अण्णा खुर्चीतून एका झटक्यात उठू लागले. प्लास्टर निघालं. सकाळी ते माझ्या दुकानावरून हात मुद्दाम हलवत चालत जातात. शर्टपीस पुन्हा कापतात. कात्री पहिल्यासारखी सरकत नाही, एक-दोनदा थांबते, पण टोकाला पोचते. आता मी चिठ्ठी हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारतो: आणखी काय घेता, आणि जेवता केव्हा? लोक कंटाळतात. जास्तीचं औषध विकायला अक्कल लागत नाही, विचारायला थोडी लागते.

एवढं झाल्यावर विषय संपला असं मी धरलं होतं. पण एकदा दुपारी औषध पोचवायला त्यांच्या घरी गेलो. सुशीलाक्कांनी गोळी तळहातावर घेतली, अण्णांना दाखवली, "एकच हाय न्हवं?" विचारलं, उजेडाकडे नेऊन पुन्हा पाहिली, आणि मग दिली. अण्णा म्हणाले, "रोज असंच करती. डॉक्टरीणबाईंनी सांगूनसुद्धा हिला पटत न्हाय."

मी चपला काढून आत गेलो.

"आक्का, तुमच्या हातून एकही गोळी जास्त गेली नव्हती. पूड मी दिली. अंधारी येते म्हणाले, तेव्हा बीपी बघितलं नाही. आणि तुम्ही पट्टी परत करायला आलात, त्या दिवशी मला सगळं कळत होतं. मी भीतीने गप्प बसलो, आणि तुम्ही इतके दिवस स्वतःला बोल लावत राहिलात. अण्णा, तुमचीही माफी मागतो, पण आधी आक्कांची. माझं चुकलं. मला माफ करा."