अर्ध्या गावाचा नंबर

दोन्ही हात पाठीमागे बांधून ते तुमच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "दाबा की. दाबल्यानं काय फुटत न्हाई." माऊसला स्वतः हात लावायचे नाहीत. समोरचा घामाघूम झाला, पडद्यावरचं सगळं गायब झालं, तरी हात पाठीमागेच. "आता काय केलं ते सांगा," एवढंच म्हणायचे.

हदगावात आमच्या भागात कॉम्प्युटर आणणारा पहिला माणूस हा. कोणत्याही शाळेत नोकरीला नव्हते, तरी सगळे त्यांना सर म्हणायचे. शाळेत मास्तर मी होतो आणि मला ते गुरुजी म्हणायचे. कॉम्प्युटरचा तो डबा त्यांनी नांदेडहून एसटीनं आणला. मॉनिटर गोधडीत गुंडाळून सीटवर बसवला आणि स्वतः गावापर्यंत उभे. बसस्टँडमागच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत त्याची पूजा झाली. कोणीतरी उत्साहाच्या भरात टेबलावरच नारळ फोडला आणि पाणी गेलं कीबोर्डात. कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी आजारी पडला. सरांनी तो कीबोर्ड चार दिवस उन्हात वाळवला, शेजारणीनं पापडांसारख्या वाळत घातलेल्या खारोड्यांच्या बाजूला.

आज त्यांच्या आठवणी सांगायला बसलोय खरा, पण लपवत नाही, मी त्यांच्यावर वैतागलेलाही आहे. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं कॉम्प्युटरवर शाळेची माहिती भरण्यात गेली. आज ही माहिती, उद्या तीच माहिती दुसऱ्या रकान्यात. मधे वेळ मिळाला तर शिकवायचं. एकदा चिडून म्हणालो, "सर, ही ब्याद गावात आणलीच कशाला तुम्ही?"

"मी न्हाई तर दुसऱ्यानं आणली असती, गुरुजी," ते म्हणाले. "अन् त्यानं तुम्हाला हात लावू दिला नसता."

 तेही खरंच. भाजी विकणाऱ्या एका बाईनं त्यांच्या खोलीत लेकीचा बारावीचा निकाल स्वतः बटण दाबून पाहिला होता. पास दिसल्यावर तिनं पडद्यालाच हात जोडले. सर मागे उभे होते. तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि याचाच त्यांना कोण आनंद! आठवडाभर येईल त्याला सांगत होते.

एका ठिकाणी मात्र त्यांचा हात पुढे यायचा. फॉर्ममध्ये मोबाईल नंबरचा रकाना आला की सर वाकून स्वतःचा नंबर टाकायचे. तेव्हा फोन होता कोणाकडे? "राहू द्या माझा. तुमचा फोन आला की बदलू." पुढे घरोघरी फोन आले, पण बदलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. मग ओटीपीचे दिवस आले आणि अर्ध्या गावाचे ओटीपी सरांच्या फोनवर पडू लागले. जेवताना घास बाजूला ठेवून ते आकडे सांगत. वरून कुरकुर करायचे, पण त्यांना ते आवडायचं, हे मी ओळखून होतो. लोकांना आपल्या पायावर उभं करण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला आपण कोणाला तरी लागतो ही गोडी काही सुटली नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेल. बघा त्याच्याकडे एकदा नीट.

मागच्या दिवाळीनंतर सर गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं, नांदेडला नेईपर्यंतही थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही त्यांच्या घरी येऊन टेकलो, तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाला बातमी कळलेली नव्हती. त्यांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, फोन उचलला, ऐकून घेतलं, चष्मा मागितला आणि सहा आकडे वाचून दाखवले. बातमी सांगितलीच नाही. 

पुढे रोज तेच. शेवटी त्यांची मुलगी, लातूरला दिलेली, माझ्याकडे आली. "गुरुजी, आईला घास गिळू देत न्हाईत लोकं. तुम्ही सगळ्यांचे नंबर बदलून द्या. मग बाबांचा नंबर बंद करते अन् आईला घेऊन जाते लातूरला. तिला जरा इसावा पाहिजे."

मी कामाला लागलो. दोन महिने लोकांना घरातून उठवून आधार केंद्रावर नेलं, रांगेत उभं केलं, अंगठे लावले, ज्याचा त्याचा नंबर ज्याच्या त्याच्या नावावर केला. संध्याकाळी पाय सुजायचे. बायको म्हणायची, रिटायर झालात की पुन्हा नोकरीला लागलात? पण वहिनींची सुटका झाली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

सगळं उरकलं तसा सांगायला गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. फोन मांडीवर, चार्जरची वायर खिडकीतून बाहेर ओढलेली.

"झालं वहिनी. आता कोणी त्रास देणार नाही."

"हाव," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले, वाजलाच न्हाई. मला वाटलं बिघडला." मग फोनकडे बघत म्हणाल्या, "तरास कसला, गुरुजी? वाजला की वाटायचं, लोकं अजून त्यांनाच इचारून राहिले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चहा घेतला आणि उठलो. 

या सगळ्या धावपळीत माझं स्वतःचं एक काम राहून गेलं होतं. परवा दारात सिलिंडर आला आणि गाडीवाला म्हणाला, "कोड सांगा." कोड गेला होता सरांच्या नंबरवर. लाजत लाजत फोन लावला. पहिल्याच रिंगला वहिनींनी उचलला. चार आकडे सावकाश सांगितले, लिहून घेतले का विचारलं, आणि परत एकदा सांगितले.

"बरं झालं, राहिलाय तुमचा गॅस," त्या म्हणाल्या. "पोरीला सांगते, एवढ्यात नंबर बंद करू नको, गुरुजींचं काम हाय. पुन्हा कोड कधी लागंल?"

"आम्ही दोघंच की, वहिनी. दोन महिने जातो एक सिलिंडर."



"दोन महिने लई झाले," त्या म्हणाल्या. "चहा जरा जास्त पीत जा."