दिराची दुसरी कॅसेट

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफी असावी. आज ट्रंकेत दिराच्या गिटारवाल्या बँडची दुसरी कॅसेट सापडली. तिच्यासाठी मी शेणी विकून साठवलेले पैसे दिले होते. "लोकांना नाही आवडली तर गिटार विकून फेडतो," तो म्हणाला होता. कॅसेट निघाली त्या संध्याकाळी दूधकट्ट्यावर हे गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढून ताजं दूध देत होते, मी पेले विसळत होते, तेव्हा दिरानं ती टेपवर लावली. "पहिली बरी हुती, ह्यात नुस्ता डबं बडवल्यात!" एक गिऱ्हाईक ओरडलं. "गप ऐका की, नवी चाल हाय!" दुसरं म्हणालं. गलक्यानं म्हशीनं पान्हा चोरला. दिराचं तोंड उतरलं. मग संथ गाणं लागलं आणि फेसाळ धार सुटली. "वैनी, तुमी सांगा." चारचौघांत मी कधी बोलत नसे. "म्हशीनं सांगितलं की, भावजी," मी म्हणाले. सगळे हसले, तोही हसला. पुढं त्यानं माझे सगळे पैसे फेडले, गिटार न विकता.