मोठ्या बाईंची अर्धी गोळी

मोठ्या बाई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कोणतीही गोष्ट अख्खी खात नसत. पेरू असो की गुळाचा खडा, अर्धा मोडून शेजारच्या गोदाबाईंकडे धाडायच्या. दोघींचं माहेर एकाच गावातलं. मी हसले की म्हणायच्या, "एकटीनं खाल्लं त अंगाले लागत नाही वं."

रोहिणखेडला लग्न होऊन आले तेव्हा मला बोलायचीच भीती. भासऱ्यांसमोर, म्हणजे मोठ्या बाईंच्या यजमानांसमोर, तर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी रीतच होती.

पुढे मोठ्या बाईंचं काळीज बिघडलं. ओटा चढतानाही धाप लागे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि कंपाउंडरला मनगट धरायला सांगितलं. म्हणाले, ठोक्यांना ताळमेळ राहिलेला नाही, छातीतले सगळे ठोके हातापर्यंत पोचत नाहीत. रोज एक बारीक पांढरी गोळी घ्यायची, चुकवायची नाही.

गोळी सुरू झाली, पण धाप कमी होईना. एका सकाळी मी पाहिलं, तर बाई विळीच्या पात्यावर गोळी मोडत होत्या.

"हे काय हो बाई?"

"गोदीचंही काळीज धडधडून राह्यलं. तिचा नवरा म्हनते, बायकाईले कायचा डॉक्टर? तू बोलू नको कोनाले."

"अन् तुमचं?"

"माह्यं चालते अर्ध्यावर."

चालत नव्हतं. पाय सुजले. पुन्हा एस.टी.नं घाट चढून गेलो. गुण येत नाही म्हणून डॉक्टर आणखी गोळ्या लिहून देऊ लागले. भासरे शेजारीच बसलेले. मी पदर पुढे ओढला आणि बोलले, "त्या अर्धीच खातात. अर्धी शेजारणीला देतात."

"न तपासता दिली तर विष आहे ती!" डॉक्टर चिडले. भासरे माझ्याकडे बघतच राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, "वा वं! जल्मात पयल्यांदा तोंड उघडलं, अन् माह्यीच चुगली केली!"

घरी आल्यावर त्यांनी गोळी बंदच केली. "गोदीले डॉक्टरले दाखवा, मंग खाईन."

"लोकाच्या बायकोले मी कसा नेऊ?" भासरे ओरडले.

"तिच्या नवऱ्याले समजवा. तुमचं ऐकते तो."

मी पाणी आणि गोळी घेऊन उभी राहायची. त्या भिंतीला टेकून श्वास ओढायच्या, पण ओठ घट्ट मिटलेले. शेवटी भासरे गेले गोदाबाईंच्या नवऱ्याकडे.

गोदाबाईंना तपासलं. काळजाला काहीच नव्हतं. अंगात रक्त कमी, म्हणून धडधड. त्या अर्ध्या गोळीनं उलट मळमळायचं. हे मोठ्या बाईंना कसं सांगावं, मला कळेना. शेवटी सांगितलं, तर त्या हसल्या.

"तिचं काळीज धड हाय ना? बरं झालं, माय. आन ती गोळी."

त्या दिवसापासून अख्खी घेतली, पण सूज उतरली नाही. पोळा झाला आणि त्या गेल्या.

गोदाबाई आमच्या उंबऱ्याशी बसून रडत होत्या. "माह्यापायी गेली का वं ती?"

मी नाही म्हटलं. त्या अजून विचारतात. मी अजून नाहीच म्हणते.